सरकीचा खिसा

कापसाच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. सकाळी सडा टाकायला बाहेर आले की रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो, आणि गाड्या पुढे गेल्या की कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले दिसतात. शेजारच्या बायका ते वेचून वाती वळतात. परवा एक जण मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी नाई वेचत? बाभळीनं देवासाठी राखून ठेवला ना जी." मी हसून वेळ मारून नेली. अमरावतीला येऊन मला बरीच वर्षं झाली. नोकरी, संसार, मुलगी, सगळं आता इथलंच. तरीही दसरा उलटला आणि हवेत रुईचा तो कोरडा, नाकात हुळहुळणारा वास आला की मन अकोल्याला जातं, आणि ते काही माहेरच्या ओढीनं जात नाही. साऱ्या वऱ्हाडाला हा हंगाम सुखाचा वाटतो. लग्नं ठरतात, लुगडी येतात, पोरं कापसाच्या ढिगावर उड्या मारतात. मला मात्र या दिवसांत उगीचच कुणीतरी आजारी पडणार असं वाटत राहतं.

अशाच एका सकाळी, गेल्या आठवड्यात, आमची कुंदा कुत्र्याचं एक पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून घरात आली. पिल्लू तांबूस, पोट ढमढोल, डोळे झोपाळलेले. त्याची आई म्हणे गाडीखाली सापडली.

"आई, पाळू या ना आपण याला."

"नाही."

"का पण?"

मी शिक्षिका आहे, कारणं देण्यात मला कुणी हरवणार नाही. घाण करील, भुंकेल, चावेल, तुझा अभ्यास बुडेल, असं मी धडाधड सांगून टाकलं. कुंदानं प्रत्येकाला उत्तर दिलं. ही पोरगी वकील होणार असं तिचे वडील म्हणतात. खरं कारण मात्र मी सांगितलं नाही. खरं कारण ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसलं होतं. माझे बाबा. माय गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. पिल्लाचं कुंईकुंई ऐकू आलं तसे त्यांनी मांडीवरचे हात उचलले आणि उपरण्याखाली घेतले.

त्यांनी हात झाकलेले मी पाहिले, आणि माझ्या तोंडचं पुढचं 'नाही' तोंडातच राहिलं; वाटलं, या पिल्लापायी ते हात कदाचित बाहेर येतील. पिल्लू त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

बाबा अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, यंत्रांना तेल द्यायचे. जिनाच्या मागेच मजुरांच्या खोल्यांची ओळ होती, तिच्यात आमची एक खोली आणि पुढे हातभर अंगण. हंगामात भोंगा झाला की बाबा जात आणि भोंगा झाला की येत. येत तेव्हा ते म्हातारे होऊन येत. भुवया, पापण्या, मिशा, कानांवरचे केस, सगळीकडे रुईचे तंतू बसलेले असत. मग रांजणावर जाऊन ते खळखळा तोंड धुवत आणि वर मान करत, ती पुन्हा तरुण होऊनच. लहान असताना मी तो चमत्कार पाहायला मुद्दाम दारात उभी राहायची. आता त्यांच्या भुवया खरोखरच पांढऱ्या झाल्या आहेत. तोंड धुवून ओट्यावर येतात तेव्हा माझं मन वेड्यासारखं अजूनही वाट पाहतं.

यंत्रांच्या आवाजात जन्म गेल्यामुळे असेल, बाबा बोलत कमी. प्रेमाचं तर विचारूच नका. मी त्यांची एकुलती एक मुलगी, कारण माझ्यानंतर मायची मुलं जगली नाहीत. पण एकुलत्या एक मुलीचे लाड वगैरे आमच्याकडे नव्हते. बाबांनी मला कधी मारलं नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. माझी वेणी घातली गेली आहे का, मी जेवले आहे का, हे ते मायला विचारत, मला नाही. मायचं मात्र तोंड सदा चालू असायचं. दोघांच्या वाट्याचं ती एकटी बोलायची.

मी इंग्रजी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते त्या हंगामात बोंडी आली. तेल्हाऱ्याकडचा एक गाडीवान कापसाची गाडी घेऊन जिनासमोरच्या रांगेत लागला होता. गाडीच्या मागे त्यानं एक गाभण शेळी बांधून आणली होती, अकोल्याच्या बाजारात विकायला. ती वाटेतच व्याली आणि जिनाच्या फाटकाशी येऊन मेली. पिल्लाचं काय करायचं हे त्या गाडीवानाला कळेना. त्याची नजर फाटकात उभ्या असलेल्या माझ्या बाबांवर पडली. "घ्या हो भाऊ, तुमच्या घरी लेकरंबाळं असतीन," असं म्हणून त्यानं ते ओलं, लटपटतं पिल्लू बाबांच्या हातात ठेवलं. हे सगळं आम्हांला नंतर इतरांनी सांगितलं. बाबा फक्त घरात आले, सदऱ्यातून एक तपकिरी जीव काढून त्यांनी मायपुढे ठेवला आणि म्हणाले, "पाठ होय."

शेळीच्या मादी पिल्लाला आमच्याकडे पाठ म्हणतात.

"पाठ होय थे दिसून राहिलं मले," माय म्हणाली. "पन इचं करू काय? आपल्या घरात कोनी जनावर पायलं तरी होतं काय कधी?"

पाहिलं नव्हतं. आमची शेती नव्हती, गोठा नव्हता. आजोबांच्या काळातच गाव सुटलेलं. बैल आम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांना जुंपलेले पाहायचो. पण बाबांनी बोलणं तिथेच संपवलं. पिल्लाचं कपाळ बोटानं पुसून ते म्हणाले, "पाय, कपाळावर बोंड फुटलं इच्या." खरोखरच तिथे पांढऱ्या केसांचा एक झुबका होता. म्हणून ती बोंडी. माझं नाव शांता ठेवलं ते आत्यानं. बोंडीचं नाव बाबांनी स्वतः ठेवलं. हे मी तेव्हा मायला बोलून दाखवलं होतं आणि मायनं मला पाठीत धपाटा घातला होता.

शेजारी शेवंतामावशी राहायची. तिच्या भिंतीवर दीक्षेच्या साली आणलेली बुद्धाची तसबीर होती आणि अंगणात एक म्हैस. म्हशीचं दूध पाणी घालून, कापडाचा बोळा त्यात भिजवून आम्ही बोंडीच्या तोंडात धरायचो. ती असा ओढायची की बोळाच गिळेल की काय असं वाटे. आठवड्याभरात ती उड्या मारू लागली. शेळीच्या पिल्लाची उडी ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. जमिनीवर काहीही नसताना ती चारही पाय एकदम वर उचलते, हवेतच अंग वळवते आणि उतरल्यावर आपणच दचकते. माझी भूमितीची वही तिनं कोपऱ्यातून खाल्ली. मायच्या वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर चघळला. माय काठी घेऊन धावायची आणि बोंडी सरळ बाबांच्या दोन पायांमध्ये जाऊन उभी राहायची.

आणि बाबा हसायचे. मी माझ्या बापाला मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं ते त्या हंगामात.

जिनात कापूस रेचाच्या यंत्रातून जातो तेव्हा रुई एकीकडे होते आणि सरकी खाली पडते. सरकीचे तिथे डोंगर असत. घरी जाताना ओंजळभर सरकी खिशात टाकली तर कुणाची हरकत नसायची. पूर्वी बाबा कधी आणत नसत, आमच्याकडे ती खाणार कोण? आता ते रोज सदऱ्याचा खिसा फुगवून येऊ लागले. सरकी म्हणजे जनावराचं बदाम-पिस्तं, असं जिनातला जो तो सांगायचा. म्हशीला घातली तर दुधाला साय धरते, बैलाला घातली तर त्याच्या अंगावर तेज चढतं. बाबा ती भिजत घालत, पाट्यावर वाटत, पिळून तिचं पांढरं दूध काढत आणि त्यात गुळाचा खडा विरघळवून ते बोंडीला तळहातावरून चाटवत. पुढे दात आल्यावर भिजलेली सरकी तशीच देऊ लागले. भोंगा झाला की बोंडी फाटकाकडे कान टवकारून उभी राहायची आणि बाबा दिसले की खिशातच तोंड घालायची.

"आपल्या लेकीले कधी एक घास भरवला नाई," माय म्हणायची, "अन् बकरीले भरवून राहिले. अजब मानूस होय बाप्पा."

मला राग यायचा, हेवा वाटायचा आणि तरी मी तिथून हलायची नाही. अभ्यासाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मी बाबांचा तो हात पाहत बसायची. तेलानं काळा झालेला, नखांच्या कडा कधीच न उजळणारा तो तळहात ते इतका स्थिर धरायचे की त्यातला एक थेंब सांडायचा नाही. त्या हाताला हेही येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग एकदा, बोंडीचं खाऊन झाल्यावर, त्यांनी वाटीत उरलेला गुळाचा खडा माझ्यापुढे धरला. "घे," एवढंच म्हणाले. मी तो त्यांच्या हातातून तोंडानंच घेतला, बोंडीसारखा, आणि बाबा, माय, मी, तिघंही हसलो. एवढंच आमचं सुख. ज्यांना रोज भरपूर मिळतं त्यांना यात काय आहे असं वाटेल.

पुढे जनावरांवर जीव लावणारी पुष्कळ माणसं मी पाहिली. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांत कुत्र्यांना स्वेटर घालतात, पोपटाला सफरचंद देतात. मी त्यांना हसत नाही. जनावर आपल्या ताटातलं घेतं तेव्हा ते आपल्यावर फार मोठी गोष्ट सोपवत असतं. आपण देतो ते चांगलंच असणार, एवढं त्याचं आपल्याविषयीचं ज्ञान. माणसाचं मूलसुद्धा नकोसं झालं की थुंकतं, तोंड फिरवतं. जनावर ज्याच्यावर विश्वास टाकतं त्याच्या हातचं खाऊन टाकतं.

संक्रांतीच्या सुमारास बोंडीच्या उड्या थांबल्या. आधी वाटलं थंडी आहे. मग ती उभी राहिल्या राहिल्या धापू लागली. धावलेली नाही, खेळलेली नाही, नुसती उभी, आणि दोन्ही कुशी लोहाराच्या भात्यासारख्या वर खाली. मान पुढे ताणून, नाकपुड्या फाकवून ती श्वास ओढायची, आणि तेवढ्यातही भोंगा झाला की फाटकाकडे बघायची.

जो तो सांगेल ते आम्ही केलं. ओव्याची धुरी दिली. हळद-गुळाचं चाटण दिलं. माझ्या जुन्या परकराची झूल शिवली. मायनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि हे सगळं करताना ती बोंडीला शिव्या देत होती, म्हणजे ती घाबरली होती हे मला कळलं. शेवंतामावशीनं बिब्ब्याचा ठिपका लावला. बाबा एकदा म्हणाले, "जनावरांच्या दवाखान्यात नेऊ काय इले?" त्यावर माय म्हणाली, "बकरीच्या पाठीले डाक्टर? लोकं हासतीन ना." दवाखान्यात बैल जात, म्हशी जात, ज्यांच्यावर घर चालतं अशी जनावरं जात. नुसतीच आवडती असलेली पाठ खांद्यावर टाकून अख्ख्या गावातून चालत जायचं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. बाबा दारापर्यंत गेले, बाहेर रांगेतल्या गाडीवानांकडे पाहून जरा थांबले आणि परत येऊन बसले. मी त्यांना दोष देत नाही. हसू व्हायची भीती गरिबाला फार असते.

दवाखाना राहिला तो राहिलाच. बाबांना एकच औषध ठाऊक होतं. "अंगात ताकद नाई रायली इच्या," ते म्हणायचे, "ताकद आली का उठते." आणि ते दुप्पट सरकी आणू लागले. दोन्ही खिसे भरून. अधिक भिजवून, अधिक बारीक वाटून, गूळ वाढवून. मायच्या हातचा पाला बोंडी हुंगून सोडून द्यायची. माझ्या हातचं दूध नको म्हणायची. पण बाबा खाली बसले, तळहात पुढे केला की ती धापत धापत मान वळवायची आणि चाटायची. चाटताना श्वास अडायचा, थांबायची, पुन्हा चाटायची.

"पाय, खाऊन राहिली," बाबा म्हणायचे. त्यांच्या तोंडावर तेव्हा असा आनंद असायचा की त्याची आठवण मला त्या साऱ्या दुःखापेक्षा जास्त छळते.

एका सकाळी, भोंग्याच्या आधी, ती त्यांच्या हातावर तोंड ठेवूनच गेली. ओठांना वाटलेली सरकी तशीच लागलेली होती. बाबांनी ती बोटानं पुसली, मग हात धुवून ते कामावर गेले. तिला पुरलं शेवंतामावशीच्या नवऱ्यानं आणि मायनं, जिनाच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली. माय रडली. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. संध्याकाळी बाबा आले, रांजणावर तोंड धुतलं, पण तोंड धुवूनही ते म्हातारेच दिसत राहिले. त्या चमत्काराची वाट पाहणं मी तेव्हापासून सोडून द्यायला हवं होतं.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, पिल्लू होतं, मेलं. पिल्लं मरतात. आम्हीही तेच म्हणत होतो. दुःख होतं, पण ते सरळ होतं. थंडीनं नेलं, नशिबात नव्हतं, असं म्हणून त्याच्यावर झाकण ठेवता येत होतं. पुढच्या हंगामापर्यंत बाबा पुन्हा थोडे बोलूही लागले होते.

पुढच्या हंगामात शेवंतामावशीची म्हैस व्याली. वगार झाली, म्हणजे मादी रेडकू, काळीभोर, ओल्या नाकाची. बाबा काही दिवस तिकडे पाहत नव्हते. मग एका संध्याकाळी खिशातून सरकी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. मायनं दारातून पाहिलं आणि माझा हात दाबला. मला आठवतं, आम्ही दोघी त्या दिवशी किती बरं वाटून घेऊन झोपलो. तो हात पुन्हा पुढे झाला होता. रोज मग तेच. शेवंतामावशी कौतुकानं साऱ्यांना सांगायची की आमच्या वगारीला भाऊ जिनातून बदाम आणून देतात.

थंडी संपता संपता वगार धापू लागली. मान पुढे, नाकपुड्या फाकलेल्या, कुशी भात्यासारख्या. मी ते पाहिलं आणि मला बोंडी आठवली. पण ही वगार होती, उद्याची म्हैस होती. तिच्यासाठी दवाखान्यातून डॉक्टर आणायला कुणी हसणार नव्हतं. ते सायकलवरून आले, तरुण होते, चष्मा होता, बोलायला मऊ. त्यांनी छातीला कान लावला, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "हिला खायला काय देता?"

"दूध पिते मायचं," मावशी म्हणाली. "अन् सरकी. आमचे भाऊ रोज आनून देते जिनातून. भिजवून, वाटून, आपल्या हातानं चारते बिचारे."

डॉक्टरांनी मान वर केली. "एवढ्या लहान पिल्लाला सरकी? अहो, सरकीत विष असतं. मोठ्या जनावराचं पोट ते जिरवतं. पिल्लाचं पोट अजून तेवढं तयार झालेलं नसतं. हृदयावर जातं ते, फुप्फुसात पाणी होतं, असाच दम लागतो. खेड्यात असं सहसा दिसत नाही, कारण सरकी बैलाला पुरवताना मुश्किल, पिल्लाला कोण घालतो? आजपासून बंद करा. अजून वेळ गेलेली नाही, वाचायला हरकत नाही."

बाबा अंगणाच्या कडेला उभे होते. भोंगा नुकताच झाला होता, ते तोंड न धुताच तसेच थांबले होते. भुवयांवर, पापण्यांवर रुई होती आणि खिसा भरलेला होता. डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं. ते सायकलवर बसून निघूनही गेले. मावशीनं बाबांकडे पाहिलं, तिलाही बोंडी आठवली असणार. बाबांनी खिशात हात घातला आणि तिथेच अंगणाच्या कोपऱ्यात खिसा उलटा करून झटकला. पुन्हा झटकला. शिवणीत अडकलेली एक सरकी त्यांनी नखानं काढली. मग घरात येऊन सदरा काढून मायपुढे टाकला.

"खिसे शिवून टाक याचे."

"कावून?" माय म्हणाली. तिला ठाऊक होतं. उगीच म्हणाली.

"शिवून टाक म्हनलं ना."

मायनं शिवले. पुढे जेवढे सदरे झाले तेवढे खिसे शिवूनच अंगावर चढले. तंबाखूची चंची ते कमरेला खोचू लागले.

आणि वगार वाचली. हे मी कुणाला सांगायला जाते तेव्हा ऐकणारा "अरे वा" म्हणतो. ती मेली असती तर डॉक्टर चुकले असं म्हणता आलं असतं. ती सरकी बंद झाल्यावर उठली, चरू लागली, उड्या मारू लागली, आमच्या दारावरून डुलत जाऊ लागली, आणि तिच्या प्रत्येक उडीनं बोंडी पुन्हा एकदा मरत गेली. ज्या दिवशी मावशीनं पेढे वाटले त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही. मावशी पेढा घेऊन आली तेव्हा ओशाळलेली होती. कुणाची काहीच चूक नव्हती आणि कुणी कुणाकडे पाहू शकत नव्हतं.

बाबांच्या हातचं खाणं तेव्हापासून बंद झालं. म्हणजे ते कुणाला काही देईनासे झाले. दारात भिकारी आला तर मायला हाक मारायचे. प्रसाद वाटायची वेळ आली तर बाजूला व्हायचे. मी म्हटलं, जाईल हे. काळ जाईल तसं जाईल. माझं लग्न झालं, मी अमरावतीला आले, कुंदा झाली. बाळंतपण अकोल्यालाच होतं आणि तिचं उष्टावणही तिथेच करायचं ठरलं. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामा भरवतो. मला भाऊ नाही. मामाच्या जागी आजोबा, असं सगळ्यांनीच धरलेलं. माझ्या सासूबाई मुद्दाम अमरावतीहून आल्या होत्या. खीर झाली, पाट मांडला, सोन्याच्या अंगठीला खीर लावून ती वाटीत तयार ठेवली. कुंदा मायच्या मांडीवर बसून त्या चकाकणाऱ्या अंगठीकडे हात करत होती.

बाबा भिंतीला टेकून उभे. दोन्ही हात पाठीमागे.

"या ना व्याहीबुवा," सासूबाई म्हणाल्या.

"माह्या हातानं नोको तिले," बाबा म्हणाले.

सासूबाईंना वाटलं, मुलगी झाली म्हणून ही नाराजी. त्यांचं तोंड उतरलं. मायनं गडबडीनं शेवंतामावशीच्या मुलाला बोलावून घेतलं आणि तो मामा झाला. कुंदानं पहिला घास मिटक्या मारत खाल्ला. सगळे हसले. मी हसले नाही. पाहुणे पांगल्यावर मी अंगणात बाबांना गाठलं. माझा राग अनावर झाला होता.

"तुमचा काय दोष होता बाबा? तुमाले माईत होतं काय?"

"माईत नवतं, हेच तं," ते म्हणाले. "तुह्या मायच्या हातचं नोको म्हने थे. तुह्या हातचं नोको म्हने. माह्याच हातचं खाये, शांते. मनून गेली."

मी शिकलेली बाई. वर्गात शेकडो मुलांना कारण आणि परिणाम शिकवते. बाबांनी बोंडीवर प्रेम केलं नसतं, इतरांसारखं दुरून पाला टाकला असता, तर ती जगली असती. हे खोटं नाही. जे खोटं नाही त्यावर सांत्वन तरी काय करायचं? काळ गेला, माय गेली, जिनाची नोकरी संपली, आणि तो हात तसाच मागे राहिला. माझ्या वाट्याला बापाच्या हातचा गुळाचा एक खडा आला. माझ्या लेकीच्या वाट्याला तोही नाही. मला ते दुःख बोंडीपेक्षा मोठं वाटतं, आणि तसं वाटल्याची लाज वाटत नाही.

आज रविवार. बाहेर गाड्यांची रांग लागली आहे. मी खिडकीत बसून वह्या तपासते आहे आणि समोर ओट्यावर कुंदा, पिल्लू आणि बाबा आहेत. पिल्लू बाबांना सोडत नाही. इतकी माणसं घरात असताना त्याला तेच सापडले आहेत. उपरण्याखाली नाक खुपसून ते त्यांचे हात शोधतं आणि बाबा हात आणखी आत घेतात.

कुंदा दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा घेऊन आली. "आजोबा, तुम्ही द्या ना. त्याला तुम्हीच आवडता."

मी लाल पेन खाली ठेवलं. बाबांनी उपरण्याखालून एक हात काढला. खरंच काढला. कुंदानं तुकडा त्या तळहातावर ठेवला. तेलाचा काळेपणा केव्हाच गेला आहे, हात आता सुरकुतलेला आणि स्वच्छ आहे. पिल्लानं मान लांब केली. बाबा त्याच्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी तो तुकडा परत कुंदाच्या हातात ठेवला.

"तूच दे बाई. तुह्या हातचं पचते त्याले."

कुंदानं दिला. पिल्लानं तो गिळला, ओट्यावरून खाली उडी मारली, स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरलं आणि येऊन पुन्हा बाबांच्या पायाशी पडलं, जीभ बाहेर काढून, धापा टाकत.

"कुंदे," बाबा एकदम म्हणाले, "दम लागला काय त्याले? पाय बरं."

"खेळून दमलाय हो, आजोबा."

"नाई, पाय नीट."

कुंदा हसून आत निघून गेली. पिल्लू तिथेच झोपून गेलं. ऊन ओट्यावरून उतरलं, वह्या संपल्या, शेवटची गाडीही इथल्या जिनाच्या फाटकाकडे गेली. बाबा अजून तिथेच आहेत, दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून, खाली वाकून. त्या इवल्या पोटाचं वर खाली होणं ते पाहत बसले आहेत.